उड्डाणाआधीची तीस पावले



मागच्या अंकात क्रीडा महोत्सवाचा वृत्तांत आपण वाचला असेल. त्यात कबड्डीचे निकाल आले, लेझीम आले, पाहुण्यांचे भाषणही आले. विमानाच्या प्रात्यक्षिकाबद्दल मात्र एकच ओळ होती : ‘तांत्रिक कारणामुळे प्रात्यक्षिक अपूर्ण राहिले.’ ती ओळ आम्हीच लिहून दिली होती. ती खोटी नाही, पण पुरती खरीही नाही. त्या दिवसापासून विमान-प्रतिकृती मंडळ बंद करावे की चालू ठेवावे, अशी चर्चा पालकांत आणि विश्वस्तांत सुरू आहे. त्या चर्चेत आमचे मत मांडण्याआधी घडले ते नीट सांगणे आम्हाला भाग आहे.

महोत्सव शाळेच्या नव्या जागेवर, बायपासच्या पलीकडच्या मैदानावर होता. पाहुण्यांना यायला चाळीस मिनिटे उशीर झाला. ऊन वर आले होते. प्राथमिकची मुले सतरंज्यांवर बसून कंटाळली होती. कार्यक्रमपत्रिकेत विमानाचे प्रात्यक्षिक लेझीमच्या आधी होते. मंडळाची मुले विमान घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती. आम्ही जाऊन म्हणालो, ‘‘चला, करा सुरुवात.’’ त्यावर विमान धरून उभी असलेली नववीची मुलगी म्हणाली, ‘‘सर, रेंज चेक राहिलंय अजून. पाच मिनिटं लागतील.’’ आम्ही व्यासपीठाकडे पाहिले. पाहुणे घड्याळ पाहत होते. ‘‘कालच केलं होतं ना तुम्ही? मग झालं तर. उडवा आता.’’ हे आमचे शब्द. मुलगी काही बोलली नाही. मुख्याध्यापकांनी सांगितल्यावर आपल्या शाळेतली मुले उलट बोलत नाहीत, आणि याचा आम्हाला आजवर अभिमानच वाटत होता.

पहिली फेरी छान झाली, टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीत विमान साठ-सत्तर मीटरवर वळले, आडवे झाले आणि त्याची मोटर बंद पडली. दहावीचा मुलगा ट्रान्समीटरच्या दांड्या हलवत राहिला, विमान ऐकेना. ते वळत वळत खाली येऊ लागले आणि सतरंज्यांपासून आठ पावलांवर आदळले. कुणाला लागले नाही. पहिलीतल्या काही मुलांना तर तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

आठ पावले. विमानाचे वजन सव्वा किलो, वेग अंदाजे सेकंदाला पंधरा मीटर. अकरावीच्या मुलांनी हवे तर गणित करून पाहावे. त्या वेगाने आदळणारी वस्तू म्हणजे साडेअकरा मीटरवरून, तीन मजल्यांहून जास्त उंचीवरून सोडलेली वस्तू. शिवाय पुढे फिरणारा पंखा, आणि पोटात लिपो बॅटरी, जी चेपली तर पेट घेऊ शकते. थर्माकोलसारखे हलके दिसते म्हणून ते खेळणे समजू नये.

आता ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे समजावून सांगतो. संक्रांतीला आपण पतंग उडवतो तेव्हा दोर बोटांत असते. पतंग ढिला पडला, वारा बदलला, दोर कुठे अडकली, सगळे बोटांना कळते. दूरनियंत्रित विमानाची दोर दिसतही नाही आणि जाणवतही नाही. हातातला ट्रान्समीटर आज्ञा पाठवतो, विमानातला छोटा रिसीव्हर ती ऐकतो आणि सर्व्हो नावाच्या लहान मोटरी सुकाणू हलवतात. साध्या संचात उलट निरोप येत नाही. आज्ञा पोचली की नाही हे उडवणाऱ्याला विमानाच्या वागण्यावरूनच कळते, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून उडवण्याआधी जमिनीवरच पल्ला तपासायचा. रीत सोपी आहे, दोन माणसे लागतात. आधी ट्रान्समीटर चालू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची (बंद करताना याच्या उलट). एकाने विमान मागून, पंख्यापासून दूर राहून, जमिनीपासून थोडे उचलून घट्ट धरायचे, कारण जमिनीला चिकटून असले की संदेश आणखी क्षीण होतो. दुसऱ्याने ट्रान्समीटरवरचा रेंज चेकचा पर्याय चालू करायचा. त्याने प्रसारणाची शक्ती मुद्दाम बरीच कमी होते. मग एकेक दांडी हलवत त्याने मागे चालत जायचे. आमच्या संचाच्या पुस्तिकेत तीस पावले, म्हणजे सुमारे २८ मीटर, हे अंतर दिले आहे. तिथपर्यंत प्रत्येक सुकाणू न अडखळता, न थरथरता हलले पाहिजे. विमान धरणाऱ्याने ते नाकाकडून, बाजूने, शेपटीकडून असे फिरवून दाखवायचे. हे सारे आधी मोटर बंद ठेवून, आणि मग मोटर चालवून, कमी वेगावर आणि पूर्ण वेगावर. मोटर चालू झाली की तिच्या तारांमधून जो विद्युत गोंगाट उठतो त्याने कधी कधी रिसीव्हर बहिरा होतो, आणि मोटर बंद असताना हे कधीच कळत नाही.

कमी शक्तीवरच का तपासायचे? मोकळ्या जागेत रेडिओलहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथा हिस्सा. उलट बाजूने पाहिले तर शक्ती शंभरावा भाग केली की पल्ला दहावा भाग होतो. म्हणजे विमानाला दूर न पाठवता, दूरवर काय होईल याची परीक्षा शाळेच्या मैदानातच घेता येते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला हा व्यस्त वर्गाचा नियम वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवून आम्हाला जेवढा समजला नव्हता तेवढा या मुलांबरोबर पावले मोजताना समजला. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. ‘तरंगदैर्घ्य’ आम्हाला पाठ होते, ‘तरंगलांबी’ आम्ही इथे नोकरीला लागल्यावर मुलांकडून शिकलो.)

बरे, तीस पावले म्हणजे कुणाची? सातवीच्या मुलाची तीस पावले आणि आमची तीस पावले यांत पाच-सहा मीटरचा फरक पडतो. आता मैदानावर २८ मीटरवर चुन्याची रेघ मारली आहे.

आता त्या दिवशी काय चुकले ते. आदल्या दिवशी दुपारी रेंज चेक झाले होते, आणि विमान चांगले उत्तीर्णही झाले होते. पण संध्याकाळी सरावात त्याचे धड तडकले. मुलांनी रात्री बसून मोठ्या कौशल्याने त्यात कार्बनची नळी घालून ते मजबूत केले. रिसीव्हरच्या अँटेनाची तार त्या नळीला लागूनच चिकटवली गेली. कार्बन वीजवाहक असतो, तो रेडिओलहरी अडवतो. विमान समोर होते तोवर ठीक चालले. ते वळून आडवे झाले, नळी अँटेना आणि ट्रान्समीटरच्या मध्ये आली आणि संबंध तुटला. महोत्सवानंतर त्याच मोडक्या धडासह आम्ही पुन्हा तपासणी करवली. नाकाकडून तीस पावले पार पडली. आडवे धरल्यावर अकराव्या पावलाला सुकाणू थांबले. सकाळी पाच मिनिटे दिली असती तर हे मैदानाच्या कडेलाच दिसले असते. आम्ही ‘कालच केलं होतं ना’ असे विचारले, पण कालचे विमान आणि आजचे विमान एक राहिले नव्हते, आणि हे त्या मुलीला ठाऊक होते, आम्हाला नव्हते.

मोटर बंद पडली ही मात्र बिघाडाची नव्हे, शहाणपणाची खूण होती. संबंध तुटला की रिसीव्हरने मोटर आपोआप थांबवावी अशी सोय मुलांनी आधीच करून ठेवली होती. तिला फेलसेफ म्हणतात. काही रिसीव्हर जोडणीच्या वेळी थ्रॉटलची दांडी जिथे असेल तीच जागा लक्षात ठेवतात. दांडी त्या वेळी अर्ध्यावर राहिली असती तर संबंध तुटल्यावरही मोटर अर्ध्या वेगाने फिरत राहिली असती. मुलांनी दांडी खाली ठेवली होती. एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

चर्चेत एका पालकांनी असे मत मांडले की रेंज चेक ही जुन्या काळातली गोष्ट आहे, आता नवे संच आल्यावर त्याची गरज राहिली नाही. ते स्वतः अभियंता आहेत, म्हणून त्यांच्या म्हणण्याचा आम्ही गांभीर्याने विचार केला. जुने संच ३५, ४० किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालत. ३५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटर, त्यामुळे विमानातून जवळजवळ मीटरभर तार लोंबायची आणि ट्रान्समीटरला लांब दांडीची अँटेना असायची. एकाच चॅनेलवर दोघांनी संच चालू केले की एकाचे विमान पडलेच. म्हणून मैदानावर एक फलक असे, ज्याचा चॅनेल त्याने आपली चिमटी लावायची, आणि चिमटी नसलेल्याने संच चालू करायचा नाही. त्या काळी रेंज चेक अँटेना मिटवून करत. गंमत अशी की तपासणी झाल्यावर अँटेना उघडायची विसरून विमान उडवणारेही कमी नव्हते.

२००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच येऊ लागले. (भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्येच परवानामुक्त झाला.) हे संच पट्ट्यात जागा बदलत किंवा पसरून बोलतात आणि प्रत्येक रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरचे ऐकतो, त्यामुळे चॅनेलची भांडणे संपली. इथपर्यंत त्या पालकांचे म्हणणे खरे आहे. पण इथे तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि अँटेनाचे कामाचे टोक जेमतेम तीन सेंटिमीटर. ते कार्बनमागे दडले, बॅटरीखाली दबले, घडी होऊन आत मोडले तर बाहेरून काही दिसत नाही. हातभर अंतरावर सुकाणू डौलात हलते आणि आपण निर्धास्त होतो. शिवाय हा पट्टा वाय-फाय आणि ब्लूटूथचाही आहे. रविवारच्या रिकाम्या मैदानावर जी शांतता असते ती महोत्सवाच्या दिवशी, शेकडो मोबाईल खिशांत असताना नसते. म्हणून तपासणी त्याच जागी आणि त्याच वेळी हवी. आदल्या दिवसाची चालत नाही.

दुसरे मत मंडळ बंद करण्याचे. हे मत मांडणाऱ्यांत सतरंजीवर बसलेल्या मुलांचे पालक आहेत, आणि त्यांना उत्तर देताना आमची मान खाली आहे. त्यांची भीती योग्य आहे. तरीही मंडळ बंद करणे म्हणजे चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला असे होईल. चूक मुलांनी केली नव्हती. अँटेना नळीला चिकटवणे ही चूक होती खरी, पण तीच पकडण्यासाठी ही तपासणी असते, आणि ती करू द्या असे मुले सांगत होती.

काही विश्वस्तांचे म्हणणे असे की मंडळ राहू द्यावे, पण जबाबदारी मोठ्यांची असावी, उड्डाणाचा निर्णय शिक्षकांनी घ्यावा. ऐकायला हे रास्त वाटते. पण त्या दिवशी निर्णय मोठ्यांनीच घेतला होता. तिथे सर्वांत मोठे आम्हीच होतो, आणि निर्णय चुकला तो वयामुळे किंवा अज्ञानामुळे नाही. आमच्या डोळ्यांसमोर पाहुणे होते, तिच्या डोळ्यांसमोर विमान होते.

विमानविद्येच्या इतिहासात याची एक ठळक नोंद आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे चार इंजिनांचे नवे बाँबर विमान उड्डाण करताच कोसळले. चालवणारे नवखे नव्हते, अत्यंत अनुभवी वैमानिक होते. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून जी खीळ लावतात ती काढायची राहून गेली होती. त्या अपघातात दोघांचे प्राण गेले. त्यानंतर त्या विमानासाठी उड्डाणापूर्वीच्या तपासणीची लेखी यादी तयार झाली, आणि आज जगातला प्रत्येक वैमानिक अशी यादी वाचूनच निघतो. यादी मुख्यतः अनुभवी माणसासाठी असते, कारण ‘आपल्याला सगळे पाठ आहे’ असे त्यालाच वाटते. ‘कालच केलं होतं ना’ हे त्याचेच वाक्य.

तेव्हा आमचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे असा आहे. मंडळ चालू राहावे. प्रेक्षकांसमोर, समारंभात प्रात्यक्षिक यापुढे होऊ नये, विमान पाहायचे असेल त्याने सरावाला यावे आणि उडवणाऱ्याच्या मागे, ठरलेल्या रेघेपलीकडे उभे राहावे. (२०२१ चे ड्रोन नियम अशा विमानांनाही लागू आहेत. विमानतळ शहराच्या पश्चिमेला आणि आपले मैदान पूर्वेला असले तरी उड्डाणाआधी आकाशक्षेत्राचा नकाशा पाहण्याची सवय मुलांना लावली आहे.) आणि मुख्य मुद्दा हा, की रेंज चेक करताना विमान ज्याच्या हातात असते त्याचा नकार अंतिम राहील. उडवणाऱ्या मुलाने, मार्गदर्शक शिक्षकांनी, आम्ही किंवा कोणत्याही पाहुण्यांनी तो फिरवायचा नाही. कारणही विचारायचे नाही, कारण नंतर नोंदवहीत वाचता येईल.

नोंदवही हा त्या मुलीचाच आग्रह. पूर्वी तपासणी ‘झाली’ किंवा ‘नाही झाली’ एवढेच असे. आता तीस पावलांना न थांबता संबंध तुटेपर्यंत चालत जायचे आणि आकडा लिहायचा, मोटर बंद असतानाचा वेगळा, चालू असतानाचा वेगळा. ज्या विमानाने तीन आठवडे बावन्न, पन्नास, एक्कावन्न पावले दिली ते अचानक पस्तिसावर आले तर नियमाप्रमाणे ते उत्तीर्णच आहे, पण काहीतरी बिघडू लागले आहे हे आकडा आधीच सांगतो. आमच्या कचेरीतल्या कित्येक नोंदवह्यांपेक्षा ही वही अधिक उपयोगाची आहे, असे आम्ही खाजगीत बोललो होतो, ते इथे छापून टाकतो.

एका आजीबाईंनी पालकसभेत विचारले होते, ‘‘एवढ्याशा पोरीच्या हातात एवढा अधिकार द्यायचा, उद्या ती उगाच नाही म्हणाली तर?’’ म्हणू दे. विमान त्या दिवशी उडणार नाही, दुसऱ्या दिवशी उडेल. उगाच दिलेल्या नकाराची किंमत एक रविवार आहे. उगाच दिलेल्या होकाराची किंमत सतरंज्यांपासून आठ पावलांवर आम्ही पाहून आलो आहोत.

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता आमच्या विनंतीवरून दोन विश्वस्त मैदानावर आले होते. येताना सर्वांसाठी पोहे-जिलेबी घेऊन आले. नवे धड, नवी अँटेना, सारे नवे. मोटर बंद ठेवून एकोणपन्नास पावले झाली. मोटर पूर्ण वेगाने चालवली आणि सतराव्या पावलाला सुकाणू थरथरू लागले. मुलीने विमान खाली ठेवले, बॅटरी काढली आणि वहीत लिहिले : ‘मोटर चालू, १७ पावले. उड्डाण नाही.’ एक विश्वस्त म्हणाले, ‘‘अगं बाळा, जवळच्या जवळ एक फेरी तरी दाखव. आम्ही इतक्या लांब आलो आहोत.’’ तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही पोह्यांकडे पाहिले. ती म्हणाली, ‘‘नाही काका, आज नाही.’’

मोटरच्या वेग-नियंत्रकाच्या तारा रिसीव्हरला अगदी खेटून गेल्या होत्या, असे दुपारी उघडून पाहिल्यावर निघाले. त्या आता दूर बांधल्या आहेत. येत्या रविवारी सात वाजता पुन्हा तपासणी आहे. ज्या पालकांना यायचे आहे त्यांनी अवश्य यावे, चुन्याच्या रेघेमागे उभे राहावे. विमान उडेलच असे आम्ही सांगू शकत नाही. पोहे असतील.